ब्रॉम्पल म्हणजे काय?

बसा, बसा. गुडघ्यामुळं मला उठवत नाही, तुम्हीच ती खुर्ची ओढून घ्या. चहा येतोय. तोवर माझ्या अब्रूचं खोबरं कसं झालं ते ऐका. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. पेठेत ही गोष्ट आता चार वेगवेगळ्या प्रकारांनी सांगतात आणि चारही प्रकारांत गाढव मीच आहे.

तुम्हाला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पण निवृत्त म्हणजे काय हो? हजेरीपट सुटला, एवढंच. आमच्या पेठेत माणूस एकदा सर झाला की तो मरेपर्यंत सरच. औषधाच्या खोक्यात कागद निघाला, न्या चौगुले सरांच्याकडं. मिक्सरबरोबर पुस्तिका आली, विचारा चौगुले सरांना. एकदा तर एक गृहस्थ शर्टाच्या कॉलरमागचं लेबल वाचून घ्यायला आले. शर्ट अंगात घालूनच आले आणि माझ्यापुढं पाठ करून बसले. मी चष्मा लावून त्यांची कॉलर वाचली. गरम पाण्यात धुऊ नये, असं लिहिलं होतं. ते म्हणाले, धुतलाय की.

आता घरच्या घरी म्हणून कबूल करतो, सगळेच शब्द मला येतात असं नाही. कुणाला येतात? पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी एकतीस वर्षांत वर्गात एकदाही उच्चारलेलं नाही. आमच्या वेळी मास्तरानं तसं म्हणायचंच नाही, अशी रीत होती. एखाद्या पोरानं अडचणीचा शब्द विचारला की मी डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, हेच मी तुला उद्या विचारणार आहे, घरून बघून ये. पोरगं बघून यायचं. त्याचाही अभ्यास व्हायचा आणि माझाही.

तर मुद्दा तालमीच्या फळ्याचा. आमच्या पेठेतल्या तालमीबाहेर एक काळा फळा आहे. त्याच्या डाव्या बाजूला पेठेतल्या निधनाच्या बातम्या लिहितात आणि उजव्या बाजूला पूर्वी सुविचार लिहायचे. फळ्यासमोरच कट्टा. सकाळ-संध्याकाळ बापू तिथं आपल्या म्हशी आणून उभ्या करतो आणि लोकांच्या समोर धार काढून देतो. पेठेतली निम्मी माणसं तिथं उभ्या उभ्या फेसाळ दूध पितात, निम्मी किटलीत घेऊन जातात. बापू म्हशींचा मालक आणि तालमीचा सेक्रेटरीही तोच. गेल्या वर्षी त्याच्या मनात आलं की सुविचार वाचून कुणी सुधारलेलं दिसत नाही, तेव्हा आता रोज एक इंग्रजी शब्द लिहावा. आणि लिहायचा कुणी? मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्या हातात खडूची पेटी दिलीसुद्धा.

पहिला महिना मी सोपे, रोजच्या वापरातले शब्द लिहिले. प्रामाणिक, धीर, शेजारी, असले. लोकांनी नाकं मुरडली. हे आमच्या नातीला पण येतंय म्हणाले. मग मी कपाटातून माझा जुना शब्दकोश काढला. त्याची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ल्यामुळं तो 'बी'च्या मध्यापासून सुरू होतो, पण त्यात असे शब्द आहेत की जे खुद्द इंग्रजांनीही वापरायचे सोडून दिलेत. आमच्या पेठेनं ते आनंदानं उचलले. 'क्वाफ' म्हणजे घटाघटा पिणे, असं मी लिहिलं, तर दुसऱ्या दिवसापासून बापू गिऱ्हाइकांना विचारायला लागला, क्वाफ करणार का घरला नेणार? 'स्लगार्ड' म्हणजे आळशी, हे लिहिल्यावर त्याच्या एका म्हशीचं नावच बदललं. 'हेन्सफोर्थ' म्हणजे यापुढं. चार दिवसांत तालमीच्या दारावर पाटी लागली, हेन्सफोर्थ आत चप्पल घालून येऊ नये.

एकदा 'जोव्हियल' लिहिला, म्हणजे आनंदी, गमत्या माणूस. लिहून घरी आल्यावर लक्षात आलं की डाव्या बाजूला त्याच दिवशी एका म्हाताऱ्यांच्या निधनाची बातमी होती. आता काय करावं? मी तसाच पुसायला गेलो, तर त्यांचा मुलगा फळ्यापुढं उभा. मला बघून त्यानं हात जोडले. म्हणाला, सर, वडील अगदी तसेच होते बघा. मी मान हलवली आणि परत आलो.

असे आठ महिने गेले. एकही दिवस खाडा नाही. पावसात छत्री धरून लिहिलं, सर्दीत नाक पुसत लिहिलं. ही म्हणायची, अहो, एक दिवस नाही लिहिलं तर काय कुणाचं दूध नासणार आहे का? पण लोक वाट बघतात म्हटल्यावर घरी बसवत नाही. खरं सांगू का, दमलो होतो मी. शब्दांना दमलो नव्हतो. सगळ्यांचं सगळं वाचून देण्याला दमलो होतो.

आणि मग तो दिवस उजाडला. ही चार दिवस हुपरीला माहेरी गेलेली, भाच्याच्या लग्नाला. घरात चहासुद्धा मीच करायचा. आदल्या दिवशी सकाळी एकाचा विम्याचा अर्ज वाचला, दुपारी एकीचा पासपोर्टचा फॉर्म भरला, संध्याकाळी एकाकडं फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाशेजारी पुस्तिका वाचत दोन तास उभा राहिलो. घरी येऊन खुर्चीत बसलो ते नेमका चष्म्यावर. दोन्ही काचा गेल्या. आता शब्दकोशातली ती मुंगीएवढी अक्षरं मला दिसणार कशी?

सकाळी साडेपाचला फळ्यापुढं उभा राहिलो. हातात खडू, डोकं रिकामं. मागं सहा-सात माणसं किटल्या घेऊन उभी. 'आज सुट्टी' एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत होती? काहीही नव्हती. पण माझ्या हातानं लिहिलं, 'ब्रॉम्पल'.

कुठून आला हा शब्द? मला विचारू नका. मी तो कधी वाचला नव्हता, ऐकला नव्हता. खडू फळ्यावर टेकवला आणि तो आपोआप आला. त्याचं स्पेलिंगही मी सुबक अक्षरांत खाली लिहिलं. आता अर्थ तर लिहायलाच हवा. गुडघे ठणकत होते, चहा झाला नव्हता. त्या वेळी मला जे वाटत होतं तेच लिहून टाकलं: दमून गेलेला, तरी ज्याला बसायला मिळत नाही असा माणूस. वर आणि कंसात, जुना शब्द. जुना म्हटलं की कुणी फार खोलात जात नाही.

बापू धार काढता काढता थांबला. हात पुसत फळ्यापाशी आला आणि दोनदा वाचून झाल्यावर म्हणाला, "सर, तीन वाजल्यापास्नं उभा हाय मी. ह्यो शब्द माझ्यावरच काढलाय जणू."

मग काय विचारता. रांगेतली भाजीवाली म्हणाली, बापू कसला, ब्रॉम्पल तर मी हाय. एसटीतला कंडक्टर म्हणाला, मग आम्ही कोण? तिथंच अर्धा तास वाद झाला की पेठेतला खरा ब्रॉम्पल कोण. बापूनं शेवटी निकाल दिला की इंग्रज लई हुशार, बघा, आपल्यात एवढी माणसं हैत अशी, पण आपल्यात ह्याला शब्दच न्हाय.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण खोटं का बोलू, मला बरं वाटलं हो. एकतीस वर्षं मी पोरांपुढं खरे शब्द ठेवले, त्यातला एकही कुणाच्या पोटात असा शिरला नव्हता. म्हटलं, चार दिवसांत विसरतील.

विसरतात कुठले! पंधरा दिवसांनी चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्यावर गॉगल लावलेला बापू, आजूबाजूला शुभेच्छा देणाऱ्यांची तीस मुंडकी, आणि वर ठळक अक्षरांत 'पेठेचे लाडके ब्रॉम्पल'. मी छत्री आडवी धरून त्याच्या खालून गेलो. मग एक ओळखीचे गृहस्थ मुलाचा लग्नाचा बायोडाटा तपासायला घेऊन आले. त्यात लिहिलेलं, मुलगा निर्व्यसनी, एकुलता व ब्रॉम्पल. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, कष्टाळू तर सगळेच लिहितात सर. मी तो शब्द खोडू शकलो नाही. खोडायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

आमची ही तर त्याआधीच हुपरीहून परत आली होती, आणि तिलाही तो शब्द बसमध्येच कळला होता. तिनं मला विचारलं, हा शब्द तुम्ही मला कधी सांगितला नव्हता तो? मी म्हटलं, जुना आहे. ती म्हणाली, मी पण जुनीच आहे की. आणि भांड्यांना लागली.

इथवर ठीक होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण पेठेत शुभांगी आहे ना, तिच्यापाशी घोटाळा झाला.

शुभांगी म्हणजे समोरच्या कुसुमताईंची मुलगी. कुसुमताई शिलाई करतात, एकटीच्या जिवावर पोरीला बी.एड. केलं. शुभांगी माझ्या हाताखाली शिकलेली, इंग्रजीत चांगली. पण चार वर्षं झाली, कुठं तासापुरतं शिकवायला बोलावतात, वर्ष संपलं की पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मुलाखतीला गेली की घाबरते आणि पाठ केलेलं विसरते, अशा पाच मुलाखती गेल्या. फळ्यावरचा माझा रोजचा शब्द ती दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची. तारीख टाकून. पेठेत बाकी सगळे मौजेनं वाचत होते, ही पोरगी खरंच शिकत होती.

तर कळंब्याकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीची कायमची जागा निघाली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शुभांगी माझ्या पाया पडायला आली. म्हणाली, सर, स्वतःचं वर्णन एका शब्दात करा असं हल्ली सगळीकडं विचारतात, ह्या वेळी मी तयारीत हाय. मी विचारलं, काय सांगणार? तर हसून म्हणाली, "तुमच्या फळ्यावरचाच एक जुना शब्द ठरवलाय सर. उद्या आल्यावर सांगते."

 कुठला शब्द, एवढं विचारायला काय झालं होतं मला? पण विचारलं असतं आणि तिनं तोच सांगितला असता, तर पुढं बोलावं लागलं असतं. चार महिने लपवलेलं त्या पोरीपुढं उघडं करावं लागलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, यशस्वी हो म्हटलं. असा भित्रा माणूस मी.

सकाळी मात्र जेवताना डोळ्यांपुढं सारखं तेच यायला लागलं. तिघं-चौघं मोठी माणसं बसलीत, ही पोरगी मान वर करून सांगतेय, आय अ‍ॅम अ ब्रॉम्पल. चार वर्षांची वाट आणि कुसुमताईंचे डोळे, सगळं माझ्या एका खडूच्या रेघेपायी पाण्यात. कुसुमताईंकडं धावलो तर शुभांगी तासापूर्वीच निघून गेलेली. फोन लावला तर बंद. मुलाखतीला गेल्यावर फोन बंद ठेवावा, हा धडाही मीच दिलेला.

रिक्षा केली. रिक्षावाला तोंडओळखीचा. मी म्हटलं, बाबा, जरा जोरात घे. तो म्हणाला, "घेतो की सर. पण काल दिवसभर पळवलीया, आज पार ब्रॉम्पल झालोय." मी डोळे मिटून घेतले. कळंब्यापर्यंत ते उघडलेच नाहीत.

शाळेत पोचलो तर शिपाई आत सोडेना. पालक आहात का म्हणाला. मी व्हय म्हटलं, वाद कशाला. त्यानं सांगितलं की शुभांगी आत्ताच आत गेलीय, तुम्ही बाकावर बसा. मी बसलो. आणि तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. एकाचा नव्हे, सगळ्यांचा. मोठ्यानं, पोट धरून हसावं तसा.

झालं. मला कळून चुकलं. हसतायत त्या पोरीला.

त्या क्षणी गुडघे दुखायचे थांबले, एवढं आठवतं. शिपाई अहो अहो म्हणेपर्यंत मी दार ढकलून आत. टेबलामागं मुख्याध्यापिका बाई, एक संस्थेचे विश्वस्त आणि एक इंग्रजीचे तज्ज्ञ म्हणून बोलावलेले गृहस्थ. समोर शुभांगी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता आलोच आहे म्हटल्यावर मी छातीवर हात ठेवून बोलायला सुरुवात केली, आणि बोललो तेही इंग्रजीत. म्हटलं, या मुलीचा काही अपराध नाही. तो शब्द इंग्रजी भाषेत नाही. तो मी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, चष्मा फुटल्यामुळं, तालमीच्या फळ्यावर तयार केलेला आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या, तिचं नाव कापू नका. यात मी दोन-तीन जुने शब्दही वापरले, सवयीनं.

 शुभांगीनं मान खाली घातली होती. विश्वस्त तज्ज्ञांकडं बघत होते, तज्ज्ञ माझ्या पायांकडं. मी खाली बघितलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, त्यातली एक हिची.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, बसा आधी. पाणी घ्या. कुठला शब्द म्हणालात?"

मी शब्द सांगितला. त्यांनी अर्थ विचारला. तोही सांगितला. बाईंनी टेबलावरच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडं एकदा बघितलं आणि पुटपुटल्या, असा शब्द नाही? असायला हवा होता. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या की शुभांगीनं असा कुठला शब्द वापरलेलाच नाही. तिनं स्वतःसाठी 'स्टेडफास्ट' हा शब्द सांगितला, म्हणजे ठाम, निश्चयाची पक्की. चांगला शब्द, आम्हाला आवडला.

स्टेडफास्ट! तो माझ्याच फळ्यावरचा, शब्दकोशातला, अस्सल. मला आनंद व्हावा की जमिनीत गाडून घ्यावं, कळेना. मी चाचरत विचारलं, मग तुम्ही हसत कशाला होता?

ते तज्ज्ञांनी सांगितलं. त्यांनी शुभांगीला एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला होता. ती म्हणाली, मला माहीत नाही, बघून सांगेन, पण सर, तुम्ही सांगितलात तर आत्ताच लिहून घेते. आणि तिनं वही उघडली. तेव्हा तज्ज्ञांना कबूल करावं लागलं की तो शब्द त्यांनी सकाळी एका यादीतून उचलला होता आणि अर्थ त्यांनाही नीट आठवत नव्हता. त्यावर सगळे हसत होते. बाई म्हणाल्या, सकाळपासून अकरा जण येऊन गेले, त्या शब्दाचे अकरा अर्थ झाले. माहीत नाही म्हणणारी ही पहिली.

मी माफी मागितली आणि मागं मागं सरत बाहेर आलो. शिपायानं विचारलं, झालं का पालकांचं?

परतीला शुभांगी आणि मी एकाच रिक्षात.  रंकाळा तळ्यापर्यंत आलो तेव्हा मी धीर करून म्हटलं, पोरी, चुकलो, तुझ्या चांगल्या चाललेल्या मुलाखतीत धिंगाणा घातला. पण माहीत नाही असं सांगायचं धाडस तुला कुणी शिकवलं?

"तुम्हीच की सर," ती म्हणाली.

काय सांगू, ऊर भरून आला. एवढ्या फजितीनंतरसुद्धा वाटलं, चला, एकतीस वर्षं फुकट गेली नाहीत. रस्त्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मी त्या आनंदात होतो. मग ती पोरगी हळू आवाजात पुढं बोलली.

"ब्रॉम्पल मी त्याच दिवशी मोबाईलवर बघितलावता सर. कुठंच न्हाय. तवा मनाशी म्हटलं, सरांनी नुसतं माहीत न्हाय म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमची लई दया आली. तवाच ठरवलं, आपण शिकवायला लागलो की असं कधी करायचं न्हाय."

 मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? ती म्हणाली, सगळ्यांनाच. बापूमामानं पहिल्याच दिवशी तिला मोबाईलवर शोधायला लावलं होतं. मग कुणी बोललं का नाही? तर बापू सगळ्यांना म्हणाला होता की सरांनी स्वतःच्या जिवाचा शब्द काढलाय, कुणी तोंड उघडायचं न्हाय. फ्लेक्ससुद्धा त्यानं माहीत असूनच लावला होता. म्हणजे चार महिने अख्ख्या पेठेनं मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी समजत होतो की मी पेठेला सांभाळतोय.

पुढचे दहा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कुसुमताई शिलाई मशीनवरून मान वर करून बघायच्या आणि मी नजर चुकवायचो. पोरीचं काम झालं नाही तर ते कुणामुळं झालं नाही, हे पेठेत लहान मुलगासुद्धा सांगू शकला असता. ही मला टोचून काही बोलली नाही, यातच काय ते समजा. फळ्यावर मी रोज दोनदा तपासलेला शब्द लिहीत होतो, आणि त्या शब्दाकडं बघताना लोकांच्या ओठांच्या कडा हलत होत्या.

अकराव्या दिवशी शुभांगी धावतच आमच्या घरी आली. हातात पत्र. जागा तिचीच झाली होती. कायमची. कुसुमताई मागून आल्या, बोलायचा प्रयत्न केला आणि पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले, लपवत नाही. हिनं देवापुढं साखर ठेवली. मी मनात म्हटलं, चौगुले, सुटलास. आता या वयात तरी शहाणा हो.

शुभांगी माझ्या शेजारी बसली आणि पत्र पुढं केलं. म्हणाली, सगळं कळलं सर, तिसऱ्या ओळीतला हा एक शब्द तेवढा कळला नाही.

मी नवा चष्मा सरळ केला. शब्द बघितला. असा शब्द मी उभ्या जन्मात वाचलेला नव्हता. ही बघत होती, कुसुमताई बघत होत्या. सांगून टाकायचं, एवढंच तर काम होतं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "अगं, सोपा आहे. म्हणजे, मनापासून, असं."

शुभांगीनं आदरानं मान डोलावली, बरं सर म्हणाली, आणि पर्समधून मोबाईल काढला.